गायक नसलेला फंक अल्बम सुचवा (सोलापूर, पाच जणांचा ग्रुप)

बेसवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो, राहायला अशोक चौकाजवळ. लग्नसराई संपली की आम्ही पाच जण जमतो: ड्रम, बेस, गिटार, आणि लग्नाच्या बँडमधले दोघं, एक ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन. नुसत्या वाद्यांवर फंक, म्हणजे ठेक्यावर चालणारं अमेरिकन नाचाचं संगीत, वाजवायचंय, गायक घ्यायचाच नाही. पण दोन मिनिटांत सगळे एकमेकांच्या अंगावर वाजवायला लागतात. गिटारवाल्याला जरा मोकळी जागा दिसली की तो ती भरूनच टाकतो. एखाद्या मोठ्या सोल गायकाच्या साथीदारांनी स्वतः काढलेला अल्बम आहे का, ज्यातून हे शिकता येईल?

रेकॉर्डवेडा
बुकर टी. अँड द एमजीजचा 'मेल्टिंग पॉट', 1971. स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत ओटिस रेडिंगसारख्या सोल गायकांच्या मागे हेच वाजवायचे. पण त्यात ऑर्गन पुढे आहे, तुमच्याकडे तो दिसत नाही.

जुना_सॅक्स
बेसवाले दादा, तुमच्या मंडळींना 'फूड फॉर थॉट' ऐकवा. द जेबीज, 1972, म्हणजे सोल-फंक गायक जेम्स ब्राऊनच्या मागे वाजवणारा बँड. मी सोलापुरातच लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत आलोय, त्यामुळे तुमची अडचण मला चांगली कळते. आपल्याला सवय चाल वाजवायची. गाणं गेलं की आपण चाल शोधत बसतो.

या लोकांनी चालीचा नादच सोडलाय. 'पास द पीज'मध्ये गाणं म्हणावं असं काही नाही, जेवणावरून थोड्या हाका आहेत तेवढ्याच. गिटार एकच छोटा तुकडा घेऊन बसते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. पितळी वाद्यं एक वाक्य म्हणतात आणि गप्प होतात. त्या गप्प बसण्यात बेस ऐकू येतो! फ्रेड वेस्लीचा ट्रोम्बोन मात्र नीट ऐका, सोलो घेतानाही तो घाई करत नाही.

1970 मध्ये पैशांवरून ब्राऊनचे बहुतेक जुने वादक सोडून गेले, तेव्हा त्याने सिनसिनाटीची पोरं आणली. बेसवर बूट्सी कॉलिन्स, वय अठरा, आणि गिटारवर त्याचा भाऊ कॅटफिश. याच अल्बममधलं 'द ग्रंट' त्यांच्या काळातलं. सुरुवातीलाच सॅक्सोफोनची जी किंकाळी आहे, ती 1987 मध्ये पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपने आपल्या गाण्यात उचलली.

ब्राऊनचा सगळा जोर पहिल्या मात्रेवर, त्याला तो 'द वन' म्हणायचा. समेवर सगळे एकत्र पडले की मधे कोणी काही करो, बिघडत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम आठवा. शिट्टी वाजेपर्यंत कोणी डाव बदलतो का? तसंच इथे, ठरलेला माणूस खूण करेल तेव्हाच पुढचा भाग.

बेसवाला_सोलापूर
काका, काल 'पास द पीज' लावून बसलो. गिटारवाला म्हणाला, एवढंच वाजवायचं तर कंटाळा येईल. मग त्याला दोनच सूर दिले आणि गाणं संपेपर्यंत बदलायचं नाही असं सांगितलं. सुरुवातीला हात वळवळत होता. नंतर त्याने उजव्या हाताने तारा दाबून आवाज तोडायला सुरुवात केली, आणि माझा बेस एकदम मोकळा झाला. ट्रम्पेटवाल्याला मात्र थांबणं जमत नाहीये.

जुना_सॅक्स
त्याला मात्रा मोठ्याने मोजायला लावा, तोंडाला ट्रम्पेट न लावता. आणि त्याला सॅक्सच्या शेजारी उभं करा, समोर नको. दोघांनी एकत्र श्वास घेतला की वाक्य एकत्र सुटतं आणि एकत्र थांबतं.

रेकॉर्डवेडा
हेडफोन लावून फक्त डावी बाजू ऐका, मग फक्त उजवी. कोण काय धरून बसलाय ते वेगवेगळं कळायला लागतं. आणि हे जमलं की जेबीजचा 'डूइंग इट टू डेथ' घ्या, 1973 चा. ब्राऊनचा जुना सॅक्सवादक मेसिओ पार्कर तोवर परत आला होता, तुमचा सॅक्सवाला खूश होईल.