मदत हवी आहे: सायबर अ‍ॅनालिस्टच्या परीक्षेतले शब्द डोक्यात बसत नाहीत, २२ दिवस उरले

यावलचा_पोरगा (१४ मे २०२४, रात्री ११:४०)
मंडळी, लवकर सांगा. परीक्षा २२ दिवसांवर आली आणि शब्द डोक्यात राहत नाहीत. क्लासने दिलेली ४०० शब्दांची पीडीएफ दोनदा वाचून झाली. सकाळी पाठ केलेलं जेवणानंतर सपाट. आयओसी, सीव्हीई, सीडब्ल्यूई, एमटीटीडी, एमटीटीआर, सगळी एकाच घरची पोरं वाटतात. महत्त्वाच्या शंभरेक शब्दांची यादी असेल तर टाका. 'मन लावून अभ्यास कर' हे नका सांगू, ते घरी रोज ऐकतो.

भुसावळ_लोको
परीक्षा कुठली?

यावलचा_पोरगा
अ‍ॅनालिस्टवाली. शीर्षकात लिहिलंय की.

भुसावळ_लोको
अ‍ॅनालिस्टवाल्या ढीगभर आहेत भो. सिक्युरिटी प्लस का सायसा प्लस का आणखी काही? स्टेशनवर येऊन 'गाडी किती वाजता आहे' विचारल्यासारखं झालं हे.

तापीकाठ
यादी मागतोयस तिथेच चुकतोयस. शब्द पाठ करून कुणी अ‍ॅनालिस्ट झालेला मी पाहिला नाही. वाझू हे मशीनवर नजर ठेवून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते टाक. एक लिनक्स मशीन उभी कर, तिच्यावर मुद्दाम दहा वेळा चुकीचा पासवर्ड मार आणि अलर्ट कसा येतो ते बघ. एकदा डोळ्यांनी पाहिलेला शब्द विसरत नाही. रॅम किती आहे लॅपटॉपला?

यावलचा_पोरगा
रॅम ८. कॉम्पटियाची सायसा प्लस आहे. दादा, लॅब नंतर करीन, आत्ता शब्द हवेत.

तापीकाठ
८ मध्ये ओढून-ताणून होईल. ब्राउझर बंद ठेव.

बसराई_काका
पोरा, मी या क्षेत्रातला नाही. भाचा पुण्याला हेच काम करतो, त्याला मी एकदा शेतावर बसून विचारलं, त्याने असं सांगितलं. केळीच्या मळ्यावर कुत्रा बांधलाय. चोर आला, कुत्रा भुंकला: ट्रू पॉझिटिव्ह. मीच रात्री मोटार बंद करायला गेलो आणि माझ्यावरच भुंकला: फॉल्स पॉझिटिव्ह. चोर मोटारीची केबल कापून घेऊन गेला आणि कुत्रा झोपलेला: फॉल्स निगेटिव्ह. हे माझ्याकडे दोनदा झालंय, केबल आता किती महाग झाली माहितीये का? आणि कुणी आलंच नाही, कुत्राही गप्प, ते ट्रू निगेटिव्ह. तारेच्या कुंपणाला पडलेलं भगदाड म्हणजे व्हल्नरेबिलिटी. चोर म्हणजे थ्रेट. भगदाड आहे, चोर फिरतोय आणि आत केबल आहे, या सगळ्याचा मिळून होणारा हिशोब म्हणजे रिस्क.

चोपड्याची_लेक
काका, मस्त! फक्त एक भर घालते. कुत्रा म्हणजे सीम (सगळीकडचे अलर्ट एकत्र जुळवणारं सॉफ्टवेअर) नव्हे. गावातल्या सगळ्या मळ्यांवरच्या कुत्र्यांचं भुंकणं एका ठिकाणी ऐकून, 'अरे, नाल्याकडून ओळीने चार मळ्यांवर भुंकलीत, म्हणजे माणूस इकडे चाललाय' हे जुळवणारा तो सीम. आणि त्याचा जोडीदार सोअर म्हणजे हे जुळल्याबरोबर आपोआप चार शेतकऱ्यांना फोन लावून गेट बंद करणारा.

साक्रीकर
कुत्री-मांजरी छान आहेत. पण पेपर इंग्रजीत असतो ना? मराठीत समजून घेतलं आणि तिथे 'इंडिकेटर ऑफ अटॅक' पाहून पोरगं गोंधळलं तर काका येणार आहेत का सोडवायला? सरळ इंग्रजी व्याख्या घोका. मी अशाच तीन परीक्षा पास झालो.

बसराई_काका
अर्थ कळल्यावर इंग्रजी दोन दिवसांत जमतं. अर्थच नसेल तर तीन परीक्षा पास होऊनही माणूस 'घोका' एवढंच सांगतो.

साक्रीकर
🙏

वांगंभरीत
विषयांतर होतंय, पण इथे जाणकार दिसले म्हणून विचारतो. मामाला काल 'वीज तोडणार' असा मेसेज आला, त्याने लिंक उघडली आणि खात्यातून १८ हजार गेले. कुणाला सांगायचं?

भुसावळ_लोको
हे वाचून संपायच्या आत १९३० ला फोन कर. बँकेलाही लगेच कळव, त्यांचा तक्रार क्रमांक लिहून घे. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आणि वेगळा धागा काढ.

चोपड्याची_लेक
आता मूळ प्रश्न. मी एसओसीमध्ये, म्हणजे कंपनीच्या सुरक्षेवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात, रात्रपाळी करते, सायसा मागच्या वर्षी दिली. शब्द सुटे पाठ करू नकोस, जे गोंधळात टाकतात ते जोडीने लिही.

आयओसी म्हणजे घडून गेल्याचा पुरावा: फाइलचा हॅश (तिचा ठसा), आयपी, डोमेन. आयओए (इंडिकेटर ऑफ अटॅक) म्हणजे चालू असलेलं वागणं: वर्डची फाइल उघडली आणि तिने गुपचूप पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधलं कमांड चालवायचं साधन, सुरू केलं. हॅश बदलायला हल्लेखोराला दोन मिनिटं लागतात, वागणं बदलायला खूप. म्हणून आयओए जास्त टिकतं.

सीडब्ल्यूई म्हणजे दोषाची जात, उदाहरणार्थ एसक्यूएल इंजेक्शन (वेबसाइटच्या रकान्यातून डेटाबेसला कमांड घुसवणं). सीव्हीई म्हणजे अमुक सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाचा क्रमांक. लॉगफोरशेल या गाजलेल्या दोषाचा सीव्हीई-२०२१-४४२२८. सीव्हीएसएस म्हणजे त्याला दिलेले गुण, लॉगफोरशेलला १० पैकी १०. जात, क्रमांक, गुण. झालं.

ते गुण कशावरून आले हे सांगणारी सीव्हीएसएसची लांब ओळ मात्र वाचता आली पाहिजे, ३.१ आवृत्तीची. पहिलं एव्ही, म्हणजे हल्ला कुठून होतो: एन असेल तर नेटवर्कवरून, ए शेजारच्या नेटवर्कवरून, एल त्याच मशीनवर पोचून, पी प्रत्यक्ष हात लावून. मग एसी, म्हणजे अवघड का सोपं (एल म्हणजे सोपं). पीआर, आधी अधिकार लागतात का (एन म्हणजे नाही, पुढच्यातही तेच). यूआय, कुणी क्लिक करावं लागतं का (वरच्या मामांनी केलं तसं, सॉरी). माझ्या वहीत ही एक ओळ चाळीस वेळा लिहिलेली आहे. एन, एल, एन, एन, मग एस यू (नुकसान त्याच घटकापुरतं), आणि पुढे गोपनीयता, अचूकता, उपलब्धता या तिन्हींना एच (जास्त फटका) आले तर ९.८.

एमटीटीडी म्हणजे हल्ला कळायला लागणारा सरासरी वेळ, एमटीटीआर म्हणजे त्यावर पुढची कारवाई व्हायला लागणारा. त्यातला शेवटचा आर फसवतो. रिस्पॉन्ड आणि रिमेडिएट असे दोन वेगळे आहेत, प्रश्नात पूर्ण शब्द वाच. आणि कंटेनमेंट म्हणजे मशीन नेटवर्कमधून तोडणं, इरॅडिकेशन म्हणजे घाण काढणं, रिकव्हरी म्हणजे पुन्हा कामाला लावणं. 'सर्वांत आधी काय कराल' असं विचारलं की पोरं उत्साहात थेट फॉरमॅट मारतात आणि पुरावा जातो.

तापीकाठ
हेच मी म्हणत होतो, करून बघायला हवं.

चोपड्याची_लेक
दादा, तुम्ही वाझू म्हणत होता 😄

अहिराणी_भाऊ
भो, इतला टेन्शन कसाले लेस? व्हई जाई सगळं. वांगाचं भरीत खा, झोप, मग वाच. एक विचारू, हे सगळं शिकून पगार किती मिळतो?

यावलचा_पोरगा
ताई, हे वहीत उतरवलं. पण एक कळलं नाही. आयओए माझ्या पीडीएफमध्ये नाहीच. आणि सीव्हीएसएसच्या ओळीबद्दल तर एक वाक्यही नाही. पाचवा भाग सगळा कम्प्लायन्सचा (नियमपालनाचा) आहे, तो दोनदा वाचूनही कळला नाही, त्याचीच भीती जास्त वाटते.

चोपड्याची_लेक
थांब. पाचवा भाग?

यावलचा_पोरगा
हो, पाच भाग आहेत ना.

चोपड्याची_लेक
चार आहेत. सिक्युरिटी ऑपरेशन्स ३३ टक्के, व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट ३०, इन्सिडेंट रिस्पॉन्स २०, रिपोर्टिंग आणि कम्युनिकेशन १७. पीडीएफच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात कोड असेल, सीएस शून्य वगैरे. शेवटचे तीन आकडे सांग.

यावलचा_पोरगा
००२

भुसावळ_लोको
आता कळलं गाडी कुठली ते.

चोपड्याची_लेक
तू बंद झालेल्या परीक्षेची पीडीएफ पाठ करतोयस. ००२ डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. तुझी ००३ आहे, ती जून २०२३ पासून चालू. बरेच शब्द सामायिक आहेत, मेहनत वाया नाही गेली, पण पाचवा भाग बाजूला ठेव. कॉम्पटियाच्या साइटवर ००३ चा ऑब्जेक्टिव्ह्जचा, म्हणजे परीक्षेत काय येतं त्याचा, कागद फुकट मिळतो, त्याच्या शेवटी संक्षेपांची यादी आहे. तू मागतोयस ती यादी हीच. प्रिंट काढ, जे येत नाही त्यावर पेन्सिलने खूण कर, रोज फक्त खुणांचे घे. परीक्षा घरून देतोयस का केंद्रावर?

यावलचा_पोरगा
घरून.

भुसावळ_लोको
मे-जूनमध्ये? यावलला? दुपारी लाइट गेली, राउटर बंद पडला की बस बोंबलत. केंद्रावर जा, पुण्याला. महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे.

साक्रीकर
इन्व्हर्टर घे. राउटरला छोटा यूपीएसही मिळतो.

चोपड्याची_लेक
लाइटचं सोड, खोलीत दुसरं माणूस आलं तरी पंचाईत होते. कॅमेऱ्यातून बघत असतात. माझ्या मैत्रिणीची आजी 'चहा ठेवू का गं' म्हणत आत आली आणि तिथेच पेपर थांबवला. १६५ मिनिटं असतात, जास्तीत जास्त ८५ प्रश्न, ९०० पैकी ७५० लागतात. इतका वेळ घरच्यांना बाहेर ठेवता येणार असेल तरच घरून दे. तारीख बदलायची तर किमान २४ तास आधी बदल.

वांगंभरीत
१९३० ला लागला फोन. तक्रार नोंदवून घेतली. पैसे पुढे जायच्या आत अडवता येतात का बघतो म्हणाले. थँक्यू लोको.

यावलचा_पोरगा (१६ मे, सकाळी ९:०५)
ताई, तारीख २६ जूनला ढकलली, पुण्याचं केंद्र घेतलं. ००३ चा कागद काढून आणला. दुकानदार म्हणाला, कशाची जाहिरात आहे? १३० च्या आसपास खुणा झाल्यात.

क्लासला फोन केला होता. म्हणे, पाचवा भाग बोनस समज.

बसराई_काका
😂 भगदाड कुंपणालाच होतं म्हणजे.

अहिराणी_भाऊ
पगाराचं कुणी सांगितलंच नाही.