मदत हवी आहे : वसुबारसेच्या पंगतीला गोड काय करू?

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावात यंदा वसुबारसेला दूध संस्थेच्या सभासदांचं स्नेहभोजन आहे. दिवाळीचं फरक बिल (सभासदांना वर्षभराच्या दुधावर मिळणारी दरफरकाची रक्कम) वाटून झालं की संध्याकाळी गाय-वासराची पूजा आणि मग पंगती. तीनशे पानं होतील. दादा संचालक आहे, त्यामुळे मीही जाणार आहे आणि गोडाची जबाबदारी माझ्यावर आली आहे.

सगळ्यांनी बासुंदी ठरवलीय. पण त्या दिवशी आमच्याकडच्या बऱ्याच बायका गहू, मूग, दूध, तूप, ताक काहीच खात नाहीत. भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन राहतात. पहाटे उठून धारा काढणाऱ्या, शेणघाण, वैरणकाडी करणाऱ्या याच बायका, आणि त्यांच्याच पानात गोड नाही, हे मला पटत नाही.

नारळाच्या दुधातली तांदळाची गुळाची खीर चालेल का? मोठ्या पातेल्यात ती फुटू नये म्हणून गूळ कधी घालायचा? शंभर पानांना तांदूळ, गूळ, नारळ किती लागतील? ज्यांनी एवढ्या माणसांचा स्वयंपाक केलाय त्यांनी कृपया सांगा. आणि तुमच्याकडे वसुबारसेला काय काय वर्ज्य असतं, तेही लिहा.