स्वदेशी ब्राउझर घ्यावा, की आहे तोच बरा?

मुठेकाठचा

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने फर्मान काढलं : "क्रोम काढा, उला टाका. आपला डेटा आपल्या देशात." सोबत तिरंगा. पाच मिनिटांत चौदा अंगठे पडले. माझा पडला नाही, म्हणून सेक्रेटरींनी जिन्यात गाठून विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे लिहितो.

उला हा चेन्नईच्या झोहो कंपनीचा ब्राउझर, २०२३ साली आला. त्याच वर्षी केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझर बनवायची स्पर्धा लावली. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि एक कोटीचं पहिलं बक्षीस झोहोला मिळालं. अभिनंदनच आहे. पण उला क्रोमियमवर बांधलेला आहे, म्हणजे आतलं इंजिन मुळात गूगलचं. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे त्याच माळेचे मणी. गिरणी एकच, पीठ नेणारे वेगळे.

माझी कसोटी सोपी आहे. ब्राउझर बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं? गूगलचं चालतं जाहिरातींवर. तुम्ही एका साइटवर बातमी वाचता, तिथली जाहिरात भलत्याच कंपनीची असते, ती तुमच्या ब्राउझरात आपली चिठ्ठी ठेवून जाते आणि पुढच्या दहा साइटवर तीच चिठ्ठी वाचत तुमचा माग काढते. याच त्या थर्ड पार्टी कुकीज. सफारीने मार्च २०२० मध्ये त्या सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटला आपापली वेगळी बरणी दिली. गूगलने जानेवारी २०२० मध्ये "दोन वर्षांत बंद करू" म्हटलं, मग तारीख पे तारीख, आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तसंच ठेवायचं ठरलं. त्यात इन्कॉग्निटोचं, म्हणजे क्रोमच्या गुपचूप खिडकीचं प्रकरण. त्या खिडकीतही नोंदी होत होत्या म्हणून २०२० साली अमेरिकेत खटला झाला आणि तडजोडीत गूगलला तो साठा पुसायचं कबूल करावं लागलं. वरून जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं जादा जोडकाम) आता क्रोममध्ये चालत नाही.

म्हणून घरातल्या तिन्ही मशीनवर फायरफॉक्स. बोला आता.

कंदी पेढा

तो अंगठेवाला मी नव्हे, पण असतो तरी लाजलो नसतो. तुमच्याच कसोटीवर बघा. झोहोचं पोट जाहिरातींवर नाही, सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर चालतं. मग उला पास झाला की! आणि क्रोमियमचा कोड उघडा आहे. पीठ कुठल्याही गिरणीचं असो, भाकरी कोण थापतंय ते बघायचं. गूगलकडे जाणारे धागे तोडून बाकीचं इंजिन वापरलं तर बिघडलं कुठे?

मुठेकाठचा

वर्गणीचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. पण गिरणी जे दळेल तेच तुम्हाला थापावं लागणार. युब्लॉकचंच घ्या. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि त्याच्या इंजिनावरच्या सगळ्यांपुढे प्रश्न आला, की जुनं किती दिवस आपल्या खर्चाने सांभाळायचं.

जुना मैलकुली

स्पर्धेतली मुख्य अट कोणीच बोलत नाहीये. ब्राउझरच्या पोटात एक यादी असते : कोणाकोणाची सही असली की साइट खरी मानायची. तुम्हाला दिसणारं कुलूप त्या यादीवर उभं आहे. भारत सरकारची सही देणारी यंत्रणा म्हणजे सीसीए. तिचं मूळ प्रमाणपत्र ब्राउझरने मानलं पाहिजे, ही या स्पर्धेची अट होती. मोठे ब्राउझर ते सहजासहजी का मानत नाहीत, ते ऐका.

जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं, की सीसीएच्या छत्राखाली एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेकडून गूगलच्या पत्त्यांची खोटी प्रमाणपत्रं निघाली आहेत. म्हणजे मध्ये बसलेला कोणीही "मीच जीमेल" म्हणून उभा राहू शकला असता आणि कुलूप तसंच दिसलं असतं. सीसीएचं नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, त्यामुळे विंडोजच्या यादीवर विसंबणारे प्रोग्राम उघडे पडले. क्रोममध्ये गूगलच्या साइटपुरती वेगळी टाचणी मारलेली होती, म्हणजे तिथे ठरावीक सह्याच चालायच्या, म्हणून तेवढ्यापुरता तो वाचला. फायरफॉक्सची यादी स्वतःची, तीत हे नावच नव्हतं. एनआयसीची प्रमाणपत्रं नंतर रद्द झाली.

तर उला वापरताना तुम्ही ही जास्तीची सही मानता आहात. मानायची असेल तर माना, पण माहीत असून माना.

कंदी पेढा

छान. आता डिजिनोटारचंही सांगा की. ती सह्या देणारी डच कंपनी २०११ साली हॅकरांनी फोडली आणि तिच्या नावाच्या खोट्या प्रमाणपत्राने इराणमधल्या लोकांचं जीमेल उघडं पडलं. अशाच सह्या देणाऱ्या सिमँटेकच्या प्रमाणपत्रांवरचा विश्वास तर खुद्द क्रोमनेच २०१८ मध्ये काढून घेतला. चुका गोऱ्यांच्या झाल्या की अपघात, आपल्या झाल्या की जन्मभराचा डाग? आपल्याच कितीतरी सरकारी साइट सहीसाठी परदेशी कंपनीकडे जातात, याची लाज कोणाला वाटायची?

जुना मैलकुली

डिजिनोटार सगळ्या याद्यांतून उडाली आणि त्याच महिन्यात दिवाळखोरीत गेली. यादीतून उडण्याची भीती असली की माणूस जपून सही करतो. सरकारच यादी ठेवणार आणि सरकारच सही करणार, तर उडवणार कोण? माझी अडचण इथे आहे, गोऱ्या-काळ्यात नाही. लाजेचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सँडबॉक्स सांगलीकर

वर सगळेजण दोन गोष्टी एकाच पातेल्यात शिजवतायत. गोपनीयता म्हणजे कंपनी तुमच्यावर नजर ठेवते का. सुरक्षा म्हणजे चोर आत शिरू शकतो का. पहिलीत क्रोम नापास, मान्य. दुसरीत तो पहिल्या बाकावरचा आहे.

२०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर ही प्रोसेसरमधली गडबड जाहीर झाली. एका टॅबमधली वाईट साइट शेजारच्या टॅबमधली माहिती चोरू शकेल, अशी धास्ती होती. उपाय म्हणजे प्रत्येक साइटला वेगळी खोली, वेगळं दार. क्रोमने त्याच वर्षी डेस्कटॉपवर हे सगळ्यांना दिलं. फायरफॉक्सला २०२१ ची अखेर उजाडली. अँड्रॉइडवर तर तो याही नंतर बराच काळ मागेच होता. क्रोम ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेची डागडुजी दर आठवड्याला पाठवतो. क्रोमियमवाल्या छोट्या ब्राउझरला मी एवढंच विचारतो : वरून दुरुस्ती आली की तुमच्याकडे किती दिवसांनी पोचते? तेवढे दिवस भोक सगळ्या जगाला माहीत असतं.

आणि युब्लॉकच्या नावाने गळा काढण्याआधी द ग्रेट सस्पेंडर आठवा. लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन, मालकाने २०२० मध्ये विकलं, नव्या मालकाने आत घाण मिसळली, फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते सगळ्यांच्या क्रोममध्ये बंद पाडलं. प्रत्येक पान वाचायची परवानगी असलेलं एक्स्टेन्शन म्हणजे घरात झोपायला ठेवलेला पाहुणा. नियम कडक करण्यामागे गूगलचा स्वार्थ असेल, पण कारण अगदीच बनावट नव्हतं.

मुठेकाठचा

सांगलीकर, अँड्रॉइडचा मुद्दा लागला. फोनवर मी फायरफॉक्स घेतला तो युब्लॉक चालतो म्हणून. खोल्या-दारांचा विचार केलाच नव्हता. तरी सांगतो, माझ्यासारख्या माणसाला स्पेक्टरवाला भेटण्यापेक्षा जाहिरातीतून "तुमचा फोन हॅक झालाय" म्हणणारा भेटण्याची शक्यता जास्त. जाहिरात अडवणं ही माझ्या लेखी सुरक्षाच आहे.

अतिशहाणा बैल

फायरफॉक्सचं पोट कशावर चालतं हो मुठेकाठचे?

मुठेकाठचा

येणारच होता हा प्रश्न. :)

अतिशहाणा बैल

मग मीच सांगतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या मिळकतीतला बहुतेक वाटा गूगलकडून येतो, शोधपेटीत आपलं नाव आधीपासून भरून ठेवण्यासाठी. अ‍ॅपलला याच कामाचे २०२२ साली सुमारे २००० कोटी डॉलर मिळाले, हे गूगलवरच्या अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहतांनी शोधातली ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. तरी २०२५ च्या निकालात पैसे देणं पूर्ण बंद केलं नाही. केलं असतं तर तुमच्या कोल्ह्याला कोण पोसणार होतं? शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये "तुमची माहिती आम्ही कधीही विकणार नाही" हे वाक्य मोझिलाने आपल्या पानावरून काढलं. कारण दिलं, की काही ठिकाणच्या कायद्यात 'विक्री'ची व्याख्या फार रुंद आहे. असेल. पण वाक्य गेलं ते गेलं.

मुठेकाठचा

इथे माझी दांडी गुल. पोटाची कसोटी लावली तर फायरफॉक्स सावकाराच्या ओसरीवर राहतो. तरी सावकाराचं खाऊन त्याच्याच कुकीज बंद करतो, एवढं तरी त्याच्या पदरात घाला.

सिंहगडचा राजा

ब्रेव्ह. काही न करता जाहिराती बंद. विषय संपला.

जुना मैलकुली

२०२० साली ब्रेव्हमध्ये एका क्रिप्टो साइटचा पत्ता टाइप केला की तो कमिशनचा कोड जोडून पुरा करून द्यायचा, ते विसरलात वाटतं. माफी मागितली त्यांनी, ते खरं. पण विषय संपला नाही.

उंबरठ्यावरची

मी नाशिकला करसल्लागाराचं काम करते. तुमच्या वादात माझ्यासारख्यांचा ब्राउझर आम्ही निवडतच नाही हो, पोर्टल निवडतं. एका पोर्टलवर डिजिटल सहीचं टोकन फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचं. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बंद केला, तरी ऑफिसात एक जुना लॅपटॉप त्याच्यासाठी जपून ठेवला होता, देव्हाऱ्यातल्या टाकासारखा. त्यावर अपडेट करायचं नाही, हात लावायचा नाही. सुरक्षेच्या गप्पा तिथे कोणाला सांगायच्या?

आता मी दोन ब्राउझर ठेवलेत. एक बँक आणि रिटर्नसाठी, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही. दुसरा बाकी सगळ्यासाठी, त्यात जाहिराती बंद. सोवळं आणि ओवळं. सासूबाईंना हे एका वाक्यात कळलं, ऑफिसातल्या मुलांना दोन महिने लागले.

सँडबॉक्स सांगलीकर

ताई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा. फक्त सोवळ्यातला अपडेट होत राहू दे.

फ्रँकफुर्टचा पाहुणा

आयफोनवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. तिथे भारतात क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या, आत अ‍ॅपलचं वेबकिट इंजिनच. युरोपात मार्च २०२४ पासून नियमाने दार किलकिलं केलंय.

अतिशहाणा बैल

आमच्या सासऱ्यांचं ऐका. ब्राउझर कुठला होता आठवत नाही, कारण त्याचा संबंधच आला नाही. अनोळखी नंबरवरून "तुमच्या गाडीचं चलान" म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल आली, त्यांनी टाकली, परवानग्या दिल्या, खात्यातून एकतीस हजार गेले. दुसऱ्या दिवशी मला विचारतात, "तो उला टाकू का?"

कंदी पेढा

बैलराव, वाईट झालं. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केलात का? पहिल्या काही तासांत केला तर पैसे अडकवता येतात कधीकधी.

अतिशहाणा बैल

केला. अकरा हजार अडकलेत, सुटायचेत. विचारल्याबद्दल आभार.

उंबरठ्यावरची

मुठेकाठचे, सेक्रेटरींना शेवटी काय सांगितलंत?

मुठेकाठचा

आज सकाळी लिफ्टमध्ये भेटले. मी सुरुवात केली, "त्याचं असं आहे, विश्वासू सह्यांची एक यादी असते..." ते म्हणाले, "यादीवरून आठवलं, पार्किंगच्या यादीत तुमची सही राहिलीय."