जेवणानंतरचा ऊर्जाखर्च: तीन तास मोजणी पुरते का?

प्रश्न: काल एका प्रयोगात स्वयंसेवक म्हणून डोक्यावर पारदर्शक घुमट घेऊन पडून होतो. आधी उपाशीपोटी अर्धा तास, मग ६०० कॅलरींचं जेवण, मग पुन्हा तीन तास. हलायचं नाही, झोपायचंही नाही (हे दुसरं फार अवघड!). जेवणामुळे झालेला जादा खर्च निघाला फक्त ३६ कॅलरी, म्हणजे ६ टक्के. मी तर सगळीकडे १० टक्के वाचलंय. माझं शरीर कंजूष आहे की मोजणी?

उत्तर: मोजणी अर्धवट असेल. मोठ्या जेवणाचा परिणाम सहा तासही रेंगाळतो, तीन तासांत त्याचं शेपूट कापलं जातं. शिवाय ताटात काय होतं? प्रथिनांच्या ऊर्जेतले २० ते ३० टक्के त्यांच्या पचनातच आणि पुढच्या प्रक्रियेत जातात, कर्बोदकांचे ५ ते १०, स्निग्धांचे जेमतेम ० ते ३.

प्रश्नकर्ता: स्निग्धच जास्त होतं, आता कळलं. पण ते घुमटाचं यंत्र उष्णता मोजतं ना?

दुसरं उत्तर: नाही हो. घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजून ते आकडे १९४९च्या वेअर सूत्रात घालतात, त्यातून ऊर्जाखर्च निघतो. त्यामुळे नुसत्या चुळबुळीनेही आकडा चढतो. मध्ये हललात का?

प्रश्नकर्ता: दोनदा खोकलो. एकदा हसू आवरलं नाही.