'आण्विक आयन' म्हणायचं की 'रेणू-आयन'?

दुर्बीणवाला:
मंडळी, एक शब्द अडलाय. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून यांच्या वरच्या वातावरणातून इन्फ्रारेडमध्ये एच-थ्री-प्लसचा उजेड येतो, त्यावर लिहितोय. तीन हायड्रोजन आणि एक इलेक्ट्रॉन कमी, असा हा विद्युतभार असलेला कण, म्हणजे आयन. हिंदीत एके ठिकाणी 'आणविक आयन उत्सर्जन' वाचलं, मीही तेच 'आण्विक' करून टाकलं तर बायको म्हणे नेपच्यूनवर अणुबॉम्ब फुटला का?

शाईपेन:
वहिनी बरोबर बोलल्या :) हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. आपल्याकडे ॲटम अणू, मॉलिक्यूल रेणू. त्यामुळे हिंदीतला शब्द उचलला की अर्थ एक पायरी घसरतो. कोशातलं 'रेण्वीय' चुकीचं नाही पण दाताखाली खडा आल्यासारखं वाटतं. शाळेत रेणुसूत्र, रेणुवस्तुमान शिकलोच की, मग सरळ 'रेणू-आयन' लिहा.

उंबरठा:
आणि ते 'आयन'च ठेवा, 'अयन' नको. गंमत म्हणजे दोन्ही लांबचे भाऊ आहेत, फॅरडेने १८३४ मध्ये आयन शब्द वापरात आणला तो ग्रीकमधल्या 'जाणारा' या अर्थाचा, आणि उत्तरायणातलं अयन म्हणजेही जाणंच, मूळ धातू एकच. पण आयनांबराला (वातावरणाचा वरचा, आयनांचा थर) कोणी अयनांबर लिहिलं की पंचांग उघडल्यासारखं वाटतं.
उत्सर्जनाचं काय करणार? मला अजून किडनीचा धडाच आठवतो.

दुर्बीणवाला:
हो ना, त्यात कार्बन उत्सर्जन पण आहे. 'उत्सर्जन रेषा' असं जोडीने लिहिलं तर चालेल बहुतेक. कारण सगळी मजा त्या रेषांतच आहे, म्हणजे ठरावीक तरंगलांबीला येणाऱ्या उजेडात. सूर्याच्या अतिनील किरणांनी किंवा ध्रुवांकडे वरून आदळणाऱ्या इलेक्ट्रॉन्सनी हायड्रोजन रेणूचा एक इलेक्ट्रॉन उडतो, तो रेणू शेजारच्या रेणूला धडकतो आणि एच-थ्री-प्लस तयार. साडेतीन-चार मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास खालचा मिथेन सूर्यप्रकाश गिळून टाकतो, ग्रह काळा दिसतो आणि त्यावर हे आयन उठून दिसतात. वेगवेगळ्या रेषा एकमेकींच्या तुलनेत किती ठळक आहेत त्यावरून तिथलं तापमान काढता येतं, म्हणजे यान न पाठवता थर्मामीटर. शास्त्रज्ञ ताकेशी ओकांनी १९८० मध्ये लॅबमध्ये या रेषा मोजून ठेवल्या होत्या म्हणून तर गुरूवर त्या ओळखू आल्या, ते १९८९ मध्ये छापून आलं.

शाईपेन:
अरोराला, म्हणजे कण वरून आदळून आकाशात उमटणाऱ्या त्या उजेडाला, काय लिहिताय? विश्वकोशी मराठीत 'ध्रुवीय प्रकाश'.

दुर्बीणवाला:
तिथेच खरी पंचाईत आहे. नेपच्यूनचा चुंबकीय अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षाला ४७ अंश कललेला, त्यामुळे अरोरा ध्रुवावर नाही, मधल्या अक्षांशांवर दिसतो, आपल्या पृथ्वीवर दक्षिण अमेरिका जिथे येते साधारण तिथे. मग ध्रुवीय कसं म्हणू? हे रेणू-आयन तिथे कितीतरी वर्षं सापडतच नव्हते, शेवटी जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये घेतलेल्या निरीक्षणांत मिळाले. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ यानाने मोजलं त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त तापमान आता निघालं, इतकं थंड असल्यावर रेषा फिक्या पडणारच.

उंबरठा:
मग चुंबकीय ध्रुव धरा, भौगोलिक नको, आणि 'ध्रुवीय प्रकाश' निभतो की.

दुर्बीणवाला:
निभेल, पण दर वेळी तळटीप द्यावी लागेल. मी 'अरोरा'च ठेवतो. रेणू-आयन मात्र पक्कं, बायकोलाही पटलं.