१:१४४ लढाऊ जहाजं नाशिकमध्ये: पहिलं जहाज ‘दिल्ली’ नको, ‘फॉन डेर टान’ घ्या

गोदाकाठ

रेडिओवर चालणारी, एकमेकांवर खरे छर्रे झाडणारी आणि भोकं पडली की खरोखर बुडणारी युद्धनौकांची मॉडेल्स. अमेरिकेत या खेळाचे मोठे क्लब आहेत. नाशिकमध्ये चार-पाच जण सुरुवात करू पाहताहेत आणि बहुतेकांना पहिलं जहाज ‘आयएनएस दिल्ली’ (१९४८ मध्ये आपल्याकडे आलेली जुनी क्रूझर) हवंय. माझं मत स्पष्टपणे विरोधात आहे, म्हणून हा धागा.

नवख्यांसाठी आधी खेळाचं स्वरूप. जहाज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९४६ पर्यंतचं, प्रमाण १:१४४. ‘फास्ट गन’ पद्धतीत सगळ्या तोफा ४.५ मिमी छर्‍याच्या. ‘बिग गन’मध्ये छर्‍याचा आकार मूळ तोफेच्या व्यासानुसार बदलतो. आपण फास्ट गन घ्यावी, कारण एकच छर्रा, एकच नळी, आणि सुटे भाग एकमेकांना देता येतात. बाजूचं आवरण ०.८ मिमी बाल्साचं. मागे ३ मिमीच्या फासळ्या, मध्यापासून मध्य २५ मिमी अंतरावर. म्हणजे घट्ट भाग सुमारे १२ टक्के, बाकी सगळं भेदलं जाणारं. तोफांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस, रेग्युलेटरने १५० पीएसआय दाबापर्यंत उतरवलेला. गुण मोजताना पाणरेषेच्या वरच्या भोकाला १०, रेषेवरच्याला २५, खालच्याला ५०.

आता हिशेब. ‘दिल्ली’ १६९ मीटर लांब, म्हणजे मॉडेल ११७ सेंमी, रुंदी जेमतेम १२ सेंमी. भरल्या वजनाला १४४ च्या घनाने भागलं तर साधारण ३.२ किलो मिळतात. त्यात सांगाडा, डेक आणि मनोरे १.१ किलो, बॅटरी अर्धा किलो, गॅसची छोटी बाटली आणि रेग्युलेटर ५५० ग्रॅम, दोन तोफा, व्हॉल्व्ह आणि १०० छर्रे ३५० ग्रॅम, मोटरी व शाफ्ट ३००, पंप २००, रेडिओ आणि सर्व्हो १५०. बेरीज ३,१५०. शिल्लक ५० ग्रॅम. नवख्याचा इपॉक्सीचा हात नेहमी जड असतो, तेवढ्यानेच ती संपते.

‘फॉन डेर टान’ ही जर्मन बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका) १७२ मीटर, म्हणजे मॉडेलची लांबी जवळपास तेवढीच, ११९ सेंमी. पण रुंदी १८.५ सेंमी आणि वजन साडेसहा किलोच्या आसपास. तेवढ्याच कामात दुप्पट वजन खेळायला मिळतं, आणि हात आत जातो.

दीवचा_किनारा

सहमत नाही, दादा.

‘दिल्ली’ म्हणजे मूळची ‘अकिलीस’. १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन ‘ग्राफ स्पे’समोर उभी राहिलेली. १९४८ मध्ये आपल्या नौदलात आली, १९६१ मध्ये दीववर तिच्याच तोफा चालल्या. हे जहाज पाण्यात उतरलं की काठावरचा माणूस थांबून विचारतो. जर्मन बॅटलक्रूझर बघायला कोण येणार? छंद रुजवायचा तर जहाजाशी आपलं नातं लागतं.

आणि तुमच्या हिशेबात वेग कुठे आहे? फास्ट गनमध्ये मॉडेलचा वेग मूळ जहाजाच्या वेगावर ठरतो. ‘अकिलीस’ साडेबत्तीस नॉटची, ‘फॉन डेर टान’ पंचवीसच्या आसपासची. चपळ जहाज सापडतच नाही, तर भोकं मोजायचा प्रश्न येत नाही.

पंपाचं_पाणी

प्रश्न येतो, आणि पहिल्या लढतीतच येतो. नवखा माणूस सुकाणू एका बाजूला धरून गोल फिरत राहतो आणि सगळ्यांच्या नळीसमोर येतो. वेग वापरायला सराव लागतो.

पाण्याचा हिशेब बघा. पाणरेषेखाली ५ सेंमीवर ४.५ मिमीचं एक स्वच्छ भोक मिनिटाला साधारण ५५० ते ६०० मिली पाणी आत घेतं. मिनिटाला ३.८ लिटर उपसणारा पंप अशी सहा भोकं सांभाळतो, सातव्याला पाणी वाढायला लागतं. बाल्साचं भोक स्वच्छ नसतंच. छर्रा तिरका लागला की लाकडाच्या रेषांच्या दिशेने चीर जाते, म्हणून आवरणावर पातळ टिशू कागद आणि डोप (तो घट्ट बसवणारं वार्निश) हवाच. टिशू नसेल तर एका छर्‍यात पट्टी उभी फाटते.

‘दिल्ली’च्या १२ सेंमी रुंदीत आणखी एक घोटाळा. आत आलेलं पाणी मोकळं हललं की जहाज एका अंगाला झोपतं, मग वरची भोकंही पाण्याखाली जातात. उपाय म्हणजे तळाला दोन्ही बाजूंनी फोम किंवा बाल्साचे ठोकळे भरून, वर इपॉक्सी फिरवून मध्ये ३-४ सेंमीची नाली ठेवायची. तिच्या सर्वांत खोल जागी पंप आणि त्याभोवती जाळी. बुडालेली कितीतरी जहाजं भोकांनी बुडत नाहीत, बाल्साचा तुकडा पंपात अडकल्याने बुडतात. जाळीची भोकं ३ मिमीच्या आत ठेवा.

सातपूरची_लेथ

जहाज कुठलंही घ्या, पण तोफेचं काम नीट समजून घ्या, अर्ध्या लोकांचा उत्साह तिथे मरतो.

नळी पितळेची, छर्रा सैल जाईल अशी. मागच्या टोकाला छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. ती छर्रा अडवून धरते, दाब पुरेसा झाला की सोडते. रिंग झिजली तर छर्रा आपोआप घरंगळतो किंवा दोन एकदम जातात. रिंग फुगली तर अडकतो. म्हणून ब्रीच (तोफेचा मागचा भाग) असा बनवा की नळी हाताने उघडून रिंग दोन मिनिटांत बदलता येईल. जास्तीच्या दहा रिंगा जवळ ठेवा. सातपूर-अंबडला जॉबवर्क करणार्‍या छोट्या लेथवर ब्रीच आणि व्हॉल्व्हची बॉडी सहज होते, फक्त ड्रॉइंगवर ओ-रिंगच्या खाचेची खोली मिलिमीटरच्या शतांशात लिहा. ‘अंदाजे’ लिहिलंत तर गळणारच.

फासळ्या लेझरने कापून घेणार असाल तर मरीन प्लाय देऊ नका. त्याचा फिनॉलिक गोंद जळतो, कडा काळ्या होतात, काप पूर्ण होत नाही. ३ मिमी बर्च प्लाय द्या आणि कापल्यावर दोन हात इपॉक्सी. थ्रीडी प्रिंटचे मनोरे पीएलए प्लास्टिकचे नकोत. मे महिन्यात बंद गाडीत ते वाकतात. पीईटीजी चालतं.

गॅसबद्दलही. सीओटूची बाटली उन्हात ठेवू नका. ३१ अंशांच्या वर आत द्रव राहतच नाही आणि भरलेल्या बाटलीचा दाब झपाट्याने चढतो. एप्रिल-मे टाळा, किंवा बाटली ओल्या गोणपाटात ठेवा आणि पाण्यात उतरायच्या आधीच जोडा. बाटली आडवी बसवली तर द्रव रेग्युलेटरमध्ये जाऊन तो गोठतो आणि तोफा लढतीच्या मध्यात बंद पडतात. तोंड वरच हवं. ‘दिल्ली’त ती उभी मावतच नाही, हे गोदाकाठच्या बाजूचं मत समजा.

द्राक्षबाग_पिंपळगाव

सगळे जहाजावर भांडताय. पाणी कुठलं, ते आधी ठरवा. रामकुंडावर आणि पंचवटीच्या घाटांवर लोक स्नान करतात, तिथे विचारही नको. गंगापूर धरण शहराच्या पिण्याचं आहे. उरतात आमची शेततळी. साधं शेततळं तीन-चार मीटर खोल असतं, प्लास्टिकचा कागद निसरडा, उतार तीव्र. माणूस घसरला की वर येता येत नाही. दरवर्षी यात लोक बुडून मरतात. बुडालेलं जहाज काढायला कुणी उतरला तर काय?

गोदाकाठ

@द्राक्षबाग, पूर्ण मान्य. म्हणूनच कमरेच्या खाली राहील एवढंच पाणी हवं. माझा प्रस्ताव असा: ८ बाय १२ मीटरचा उथळ खड्डा, कागद अंथरून ६० सेंमी पाणी. साधारण ५८ हजार लिटर. लढत संपली की तेच पाणी ठिबकच्या टाकीत.

द्राक्षबाग_पिंपळगाव

५८ हजार म्हणजे दहा हजारी सहा टँकर. मार्चनंतर हे कुणी देणार नाही, आणि देऊही नये. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते जानेवारी करा. पाणी परत घ्याल ते नीट गाळून घ्या. स्टीलचे छर्रे गंजतात आणि बाल्साचा भुसा फिल्टरला बसतो. तळाला चुंबक फिरवा, छर्रे निघतात.

आणि काठावर शेडनेट लावा, पण ताणून नाही. ताणलेल्या जाळीवरून छर्रा परत उडतो, सैल लोंबती जाळी तो गिळते. आतल्या प्रत्येकाला पॉलिकार्बोनेटचा चष्मा, बघणार्‍यांनाही. तोफा गॅसच्या आहेत, त्यामुळे आधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी विचारून ठेवा. मुलं जमली की प्रश्न येतील.

दीवचा_किनारा

पाण्याचं पटलं. वजनाचंही अर्धं पटतंय. मग ‘मैसूर’ घेऊ का? मूळ ‘नायजेरिया’, १९५७ मध्ये आपल्याकडे आली. लांबी तीच, पण रुंदी १३ सेंमी आणि पिछाडी सपाट, म्हणजे मागे जागा जास्त. नातंही टिकतं.

पंपाचं_पाणी

एक सेंमी रुंदी म्हणजे फार वाटत नाही, पण झोकांडीच्या बाबतीत रुंदीचा परिणाम घनात वाढतो. १२ चे १३ केले तर तिरकेपणाला विरोध सुमारे २७ टक्के वाढतो. ‘दिल्ली’पेक्षा ‘मैसूर’ नक्की बरी. तरी तुमची दुसरी बोट ती असावी.

गोदाकाठ

मी ‘मैसूर’ला विरोध करणार नाही, एका अटीवर. फासळ्या, डेक आणि मोटरी बसल्या की तोफा आणि बाटलीच्या जागी ९०० ग्रॅम शिसं त्याच उंचीवर बांधून उथळ पाण्यात सोडा. पंप बंद ठेवून आत अर्धा लिटर पाणी ओता आणि सुकाणू पूर्ण फिरवून दोन्ही बाजूंनी वळवा. कललेलं जहाज सुकाणू सोडल्यावर सरळ आलं, तर तोफा बनवायला द्या. नाही आलं तर मनोरे पातळ शीटचे करा, डोलकाठ्या पोकळ करा आणि परत ओता. रिसीव्हर सीलबंद डब्यातच ठेवा आणि सिग्नल गेला की मोटर थांबेल असं फेलसेफ लावा. २.४ गिगाहर्ट्‌झ पाण्याखाली पोहोचत नाही, आणि बुडणार्‍या जहाजाचा प्रोपेलर फिरत राहिला तर कागद फाटतो. वर ३ मीटर दोरी आणि एक बूच बांधलेला तरंगता फ्लोट, म्हणजे काढायला कुणाला आत उतरावं लागणार नाही.

दीवचा_किनारा

अट मान्य. ‘मैसूर’च्या फासळ्यांचं ड्रॉइंग मी सुरू करतो. २५ मिमी अंतर धरलं तर ४६ फासळ्या येतात. सातपूरभाऊ, ३ मिमी बर्चच्या किती शीट लागतील ते सांगा.

सातपूरची_लेथ

३०० बाय ६०० च्या साधारण तीन. फासळ्या आतून पोकळ कापायच्या, म्हणजे एकीच्या पोटात दुसरी बसवता येते. एक जादाची घ्या, डेकच्या कडांना लागेल. कण्याला ३ मिमी पुरणार नाही, तो ६ मिमीचा वेगळा कापा.