चिनी नोकरशाहीतील संगनमत: दोष माणसांचा की रचनेचा?

धागाकर्ता: स्टॅनफर्डमधील समाजशास्त्रज्ञ झोऊ शुएग्वांग यांनी २००४पासून उत्तर चीनमधील एका शेतीप्रधान टाउनशिपमध्ये (काही गावे मिळून होणाऱ्या, काउंटीखालच्या प्रशासकीय विभागात) वर्षानुवर्षे जाऊन तिथला कारभार पाहिला. कुटुंबनियोजनाची तपासणी करायला वरून पथक येणार म्हटले की टाउनशिपचे आणि तिच्या वरच्या काउंटीचे अधिकारी एकमेकांना सांभाळून घेतात, हे त्यांनी टिपले. मात्र त्याला भ्रष्टाचार म्हणून ते मोकळे झाले नाहीत. बीजिंगचे धोरण जितके सरसकट आणि उद्दिष्ट जितके कडक, तितके खालच्यांना संगनमत अपरिहार्य होते, ही त्यांची मांडणी मला पटते.

पहिला प्रतिसाद: मला पटत नाही. एका टाउनशिपवरून एवढ्या अवाढव्य देशाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. अर्थतज्ज्ञ झोऊ ली-आन यांच्या मते चिनी अधिकारी आर्थिक वाढीचे आकडे दाखवून बढतीसाठी स्पर्धा करतात. मग ते संगनमत कशाला करतील?

धागाकर्ता: स्पर्धा असते ती शेजारच्या काउंटीशी, संगनमत असते ते आपल्याच वरच्या-खालच्या पातळीशी, खालचा नापास झाला तर वरच्याच्याही प्रगतिपुस्तकावर लाल शेरा येतो. शिवाय शुएग्वांग एका टाउनशिपवर थांबलेले नाहीत. जिआंग्सू प्रांतातील अधिकाऱ्यांच्या नेमणुकांच्या नोंदी त्यांनी नंतर अभ्यासल्या, तेव्हा बहुतेकांची बदली-बढती आपापल्या हद्दीतच होते आणि वरच्या पातळीवर मोजकेच जातात, असे दिसले. ज्याला जन्मभर त्याच मंडळींत काढायचे आहे, तो त्यांच्याशी वैर कशाला घेईल?

दुसरा प्रतिसाद: नोंदींचा मुद्दा मान्य, पण माझा आक्षेप वेगळा आहे. २७ जानेवारी २०२० रोजी वुहानचे महापौर सरकारी दूरचित्रवाणीवर म्हणाले की, वरून परवानगी मिळाल्याशिवाय स्थानिक सरकारला साथीची माहिती जाहीर करता येत नाही. शुएग्वांग यांच्या चौकटीत हे उत्तर अगदी चपखल बसते, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे: रचनेने सगळ्याचा उलगडा झाला की जबाबदार कोणीच उरत नाही.

धागाकर्ता: महापौरांना दोषमुक्त करा, असे कोणी म्हटलेले नाही, पण त्यांना हटवल्याने पुढच्या महापौराला ती परवानगी मिळणार आहे का?

दुसरा प्रतिसाद: तुम्ही फक्त अधिकाऱ्यांच्या अडचणी मोजता. शुएग्वांग यांनीच लिहिले आहे की, गावोगाव पक्के रस्ते करण्याच्या योजनेत सरकारने खर्चाचा काही भाग दिला, उरलेला गावच्या पुढाऱ्यांनी उधारउसनवारीने उभा केला आणि गावे कर्जात बुडाली. त्या गावकऱ्यांनी दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर तुमच्या मांडणीत मला सापडत नाही.